हळदीकुंकू लागलेली चावी

आमच्या ग्रुपवर एका सकाळी एका सॉफ्टवेअरच्या फोटोला हार घातलेला दिसला. दोन बाजूंना समया आणि खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली'. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. गाणी भरायचा, म्हणजे रेकॉर्ड करायचा, आमचा प्रोग्राम उघडताना पडद्यावर जे निळं चित्र यायचं, तेच होतं. त्या चित्राला मी एके काळी रोज हात जोडले होते. कंपनीनं कळवलं होतं की हा प्रोग्राम आता बंद. नवी आवृत्ती निघणार नाही, बिघडलं तर कुणी बघणार नाही, आणि ज्याची प्रोग्राम उघडायची चावी खराब होईल त्याला दुसरी मिळणार नाही.

ग्रुपात आम्ही सगळे मिळून एका एसटीत मावू एवढेच. लातूर, नांदेड, देगलूर, लोहा इकडचे, घराच्या मागच्या खोलीत स्टुडिओ थाटून बसलेले लोक. कुणी भजनी मंडळांची गाणी भरतो, कुणी लग्नाच्या बँडची, कुणी निवडणुकीला उभं राहिलेल्यांची. सगळ्यांचा हात त्या एकाच प्रोग्रामवर बसलेला. देगलूरवाल्यानं तर आवाजातच संदेश पाठवला. अर्धा मराठीत रडला, अर्धा तेलुगूत. नांदेडवाल्यानं लिहिलं की बाप गेला तेव्हा मी रडलो न्हाई, आज जेवण जाऊन नाही राहिलं. मग कुणी आठवणी काढल्या, कुणी तेराव्याचं विचारलं, आणि मी, वयानं सगळ्यांत मोठी, काकू म्हणवून घेणारी, पदर तोंडाला लावून बसले.

तेवढ्यात शेजारीण डोकावली. काय झालं म्हणाली. मी म्हटलं, गेलं बाई, एकदम गेलं. कोण गेलं ते तिनं विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. दुपारी ती पिठलं-भाकरीचा डबा घेऊन आली, कडू घास म्हणून. दार उघडलं आमच्या यांनी. ती बिचारी यांना धडधाकट उभं बघून दोन पायऱ्या मागं सरली. डबा मी ठेवून घेतला. पिठलं चांगलं झालं होतं.

पण घास गिळताना मला जे वाटत होतं ते दुःख नव्हतं. ती भीती होती. आणि ती कशाची, हे सांगायचं तर आमच्या यांच्या आवाजापासून सुरुवात करावी लागेल.

आमचे हे शाळेत मास्तर होते. आवाज असा की यांनी वर्गात हजेरी घेतली तर शेजारच्या वर्गातली पोरं 'हजर' म्हणायची. आता तो आवाज नाही. हे आहेत, झोपाळ्यावर बसतात, पेपर वाचतात, माझ्या भाजीतल्या मिठाला नावं ठेवतात, पण घशातून आवाज निघत नाही. दहा वर्षांमागं घशात गाठ निघाली. हैदराबादला नेऊन ऑपरेशन केलं, स्वरयंत्र काढून टाकलं, आणि गळ्याला खाली एक भोक ठेवलं. त्यात नळी असते. श्वास तिथून. तेव्हापासून आमचं बोलणं बोटावर चालतं. टेबलावर एकदा बोट आपटलं की हाव, दोनदा आपटलं की न्हाई. त्याहून लांबलचक काही सांगायचं असेल तर हे झोपाळ्यावरून स्वयंपाकघरात मला मोबाइलवर संदेश पाठवतात. मास्तरकीमुळे 'चहा' लिहिलं तरी पुढं पूर्णविराम.

यांचा आवाज जगात आता एकाच ठिकाणी होता. आमच्या मागच्या खोलीतल्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये, त्या प्रोग्रामच्या पोटात. आमची नात ऑपरेशननंतर जन्मलेली. तिला वाटतं आजोबा म्हणजे टकटक करणारा माणूस.

तो आवाज तिथं कसा गेला, त्यालाही माझी भीतीच कारण.

भूकंप झाला तेव्हा आम्ही लातुरातच होतो. आमचं घर पडलं नाही. हे आधीच सांगते, कारण ज्यांची पडली, माणसं गेली, त्यांच्यापुढं माझ्या भीतीनं तोंड उघडू नये. पण भीतीला एवढी रीतभात कुठली. पहाटे जमिनीखालून ट्रक गेल्यासारखा आवाज आला, आणि मला शुद्ध आली तेव्हा मी रस्त्यावर उभी होते आणि माझ्या हातात उशी होती. नवरा आत, लेक आत, आणि बाईसाहेब उशी घेऊन बाहेर. उशीला काही झालं असतं तर! मागून हे आले, लेकीला खांद्यावर टाकून, शांतपणे. माझ्याकडे पाहिलं, उशीकडे पाहिलं, आणि म्हणाले, "अभ्रा राहिला वाटतं घरात."

हे वाक्य यांनी पुढं प्रत्येक पाहुण्याला ऐकवलं.

त्यानंतर आम्ही कितीतरी दिवस अंगणात पत्र्याखाली झोपलो. रोज बारीक धक्के यायचे. आले नाहीत तरी मला जाणवायचे. त्या काळात घरोघर एक युक्ती होती: उशापाशी स्टीलची फुलपात्रं एकावर एक पालथी रचून ठेवायची. जमीन हलली की माणसाच्या आधी ती बोलतात. वर्षभरात लोकांनी आपापली उतरंड मोडून फुलपात्रं पाणी प्यायला घेतली. माझी राहिली. मी ती खोलीतून खोलीत हलवत राहिले. दार लावून बसणं तर कायमचं सुटलं. न्हाणीघराचंसुद्धा मी अर्धवट लोटायचे आणि आत गाणं म्हणायचे, म्हणजे कुणी येऊ नये. त्या गाण्यामुळेच मला वाटायला लागलं की आपला गळा बरा आहे. तोही भूकंपाचाच परिणाम म्हणायचा.

पुढं काही वर्षांनी लातूरला दुसरा धक्का बसला तो शिकवण्यांचा. बघता बघता गल्ल्या भरल्या. मजल्यावर मजले चढले, आणि मी खालून जाताना ते मजले मोजत, भिंतीपासून लांब, रस्त्याच्या मधून चालायचे. रिक्षावाले मला शिव्या घालायचे. गावोगावचे आईबाप पत्र्याची पेटी, गादीची वळकटी आणि गप्प बसलेलं पोरगं घेऊन उतरायचे. शिकवणीवाल्यांची चढाओढ लागली, आणि रिक्षावर कर्णा लावून जाहिरात फिरवायची पद्धत पडली. कर्ण्याला आवाज लागतो. आवाज आमच्या घरात होता.

पहिल्या जाहिराती टेपवर भरल्या. मग एका ओळखीच्यानं कॉम्प्युटर आणि तो प्रोग्राम आणून दिला. हे म्हणाले, मला खडू पुरे. मग मी शिकले. त्या दिवसांतल्या मला तुम्ही बघायला पाहिजे होतं. कॉम्प्युटरपुढं बसायला इस्त्रीची साडी, खोलीबाहेर चपला, कपाळाला मोठं कुंकू, आणि चेहऱ्यावर असा भाव की रॉकेट सोडायचंय. पडद्यावर रंगीत पट्ट्या यायच्या. यांच्या आवाजाची एक पट्टी, खाली माझ्या पेटीची एक, त्याखाली तबल्याची. चुकलेला भाग तो प्रोग्राम टाकून देत नसे, पट्टीखाली दडवून ठेवायचा. पाहिजे तेव्हा पुसा म्हणायचा. मी कधी काही पुसलं नाही. मला वाटायचं, यांनी बोललेलं पुसणं म्हणजे अपशकुन. वर लोडशेडिंगचा धाक. वाक्य संपलं की सेव्ह, श्वास घेतला की सेव्ह. हे म्हणायचे, "बाईनं माझा खोकला पण जपून ठेवलाय."

आणि खरंच ठेवला होता. जाहिरातीत यांचा जो आवाज असायचा तो खरा यांचा नव्हताच. तो कर्ण्याचा आवाज. 'बारावी सायन्स! मर्यादित जागा! आजच या, उद्या उशीर होईल!' शेवटचं वाक्य मी लिहिलेलं. मला त्याचा फार अभिमान. हे 'उद्या' म्हणून थोडं थांबायचे आणि मग आवाज उतरवून 'उशीर होईल' म्हणायचे. रस्त्यात रिक्षा गेली की पेटी उचललेला बाप थबकायचा, पोराच्या दंडाला धरून पावलं भरभर टाकायचा. एकदा तर भाजी घेताना मीच दचकले आणि भाव न करता घरी आले. भूकंपानं मला जे शिकवलं होतं ते मी रिक्षात घालून गावभर फिरवत होते, हे तेव्हा ध्यानात आलं नाही. वाक्य किती छान जमलंय एवढंच दिसत होतं.

यांचा खरा आवाज होता तो त्या दडवलेल्या तुकड्यांत. चुकल्यावर हसणारा, 'हे वाक्य कुणी लिहिलंय' म्हणून मला टोमणा मारणारा, मध्येच 'वरण करपून राहिलं वाटतं' म्हणणारा.

आमची ती खोली म्हणजे थट्टेचा विषय होता. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना अंड्यांचे रिकामे ट्रे चिकटवलेले. आम्ही अंडं न खाणारे. ट्रे आणायला मी दुकानात गेले की दुकानदार डोळे मिचकावून, मास्तरांची तब्येत सुधारतेय म्हणायचा. आणि एवढं करून मी दार उघडंच ठेवायची. लोक भिंतीला ट्रे लावतात ते आवाज स्वच्छ यावा म्हणून, आणि आमच्या प्रत्येक जाहिरातीत मागं कुठंतरी भंगारवाला ओरडतोय. वर टेबलावर फुलपात्रांची उतरंड. तबला जोरात वाजला की ती किणकिणायची. एका शिकवणीवाल्याला ते इतकं आवडलं की म्हणाला, काकू, ती घंटी जरा वाढवा.

ते सगळं एका दुपारी कळसाला पोचलं. एक नवे शिकवणीवाले सर समोर खुर्चीत बसलेले, हे माइकपुढं, मी कानाला हेडफोन लावून पेटीवर. हे 'आजच या' म्हणाले आणि फुलपात्रं वाजायला लागली. नेहमीसारखी नाही, सगळी एकदम, आणि थांबेनात. हेडफोनमधून तो आवाज थेट डोक्यात. मी उठले ती दारातून, अंगणातून, फाटकातून थेट गल्लीत. हेडफोन डोक्यावरच. त्याची वायर मागं शेपटीसारखी लोळत. गल्लीत पाहिलं तर उसाच्या ट्रॉल्या चालल्या होत्या, एकामागं एक, कारखान्याकडं. ट्रॅक्टरवाला माझ्याकडे बघून गाणं बंद करून गेला. मी परत यायला बराच वेळ घेतला, कारण शेजारपाजार दारात आला होता आणि मला हेडफोन घातलेलं तोंड घेऊन कुठं जावं कळेना. कॉम्प्युटर तोवर भरतच होता. मी रागानं तो तुकडा बंद केला. ऐकला नाही. पुसलाही नाही.

मग यांचा घसा बसला. हे म्हणाले, जाहिरातींनी बसला. मीही तेच धरून बसले, कारण दुसरं काही धरण्यात जमीन हलणार होती. ती हललीच.

हैदराबादहून परत आल्यावर मी मागची खोली बंद केली. हो, मी, दार बंद केलं. तो आवाज आत आहे आणि हे बाहेर टकटक करतायत, हे मला सहन होण्यासारखं नव्हतं. हे कधी म्हणाले नाहीत की लाव. मी कधी विचारलं नाही की लावू का. मला भीती वाटायची की ऐकून यांचं काय होईल. त्याहून जास्त भीती, माझं काय होईल. दसऱ्याला मात्र खोली उघडायची. कॉम्प्युटरला हार, चावीला हळदीकुंकू, वर पळीभर पाण्याचे शिंतोडे, आणि पुन्हा बंद. चावी म्हणजे बोटाच्या पेराएवढी काळी पट्टी. ती कॉम्प्युटरच्या पाठीत खुपसल्याशिवाय प्रोग्राम उघडत नाही. तिचं काम एवढं थोर म्हणून मी तिला कुंकू जरा जास्तच लावायची. चालू करून कधी बघितलं नाही, पण पूजा एका वर्षी चुकवली नाही. अशी मी कर्तबगार.

तर ग्रुपवर हार दिसला त्या दिवशी, पिठलं खाऊन झाल्यावर, मी खोली उघडली. 'उद्या उशीर होईल' हे माझंच वाक्य माझ्या मागं लागलं होतं. कॉम्प्युटर चालू केला. आत काहीतरी किरकिरलं, थांबलं, पुन्हा किरकिरलं. पडदा उजळला. मी चावी खुपसली, निळं चित्र आलं, मी सवयीनं हात जोडले, आणि चौकट आली: चावी सापडत नाही.

काढली, घातली. सापडत नाही. पदरानं पुसली, फुंकली, घातली. सापडत नाही. मग खिडकीशी नेऊन पाहिलं. चावीच्या तोंडात, जिथं चकाकी असायला हवी, तिथं लालपिवळा गिलावा जमला होता. वर्षावर्षाचं हळदीकुंकू, शिंतोड्यांनी भिजून, वाळून, घट्ट बसलेलं. मी माझ्या हातानं, मंत्र म्हणत, यांचा आवाज बंद केला होता.

मागं वळले तर हे दारात उभे. किती वेळ उभे होते माहीत नाही. यांनी पडदा पाहिला, माझ्या हातातली चावी पाहिली आणि झोपाळ्यावर जाऊन बसले. संदेश आला नाही. टकटक झाली नाही.

मी नांदेडवाल्याला फोन केला. तो म्हणाला, काकू, रडू नका, माझ्याकडं तोच प्रोग्राम हाय, कॉम्प्युटरचा अख्खा डबा घेऊन या. कदाचित माझ्या चावीनं उघडंल. आणि जरा थांबून म्हणाला, पण लवकर या, जुन्या डब्याचा काय भरोसा.

मी यांना म्हटलं, नांदेडला जाऊन येते. हे उठले आणि चपला घालायला लागले.

डबा जुन्या सुती साडीत गुंडाळून मांडीवर घेतला. लातूर ते नांदेड रस्ता त्या दिवशी मला प्रत्येक खड्ड्यानिशी कळला. गाडी आदळली की मी डबा छातीशी धरायची आणि आतून काही किरकिरतंय का ऐकायची. त्याच वेळी यांच्या गळ्यावरचा रुमाल सरकला की धूळ नळीत जाईल, तो धाक. दोन्ही हात डब्याला, आणि दोन्ही डोळे रुमालाला. कंडक्टरनं विचारलं, "मावशी, ह्याचं तिकीट?" मी म्हटलं, मांडीवरच्याला तिकीट नसतं. तो हसला. हे हसले नाहीत. खिडकीबाहेर बघत होते. लोह्याला गाडी थांबली तेव्हा चहा घेता का विचारलं, तर खिडकीच्या काचेवर दोनदा बोट आपटलं.

माझ्या मनात एकच चालू होतं. उघडलं नाही तर यांना काय सांगू? आणि उघडलं तर?

नांदेडवाल्याचा स्टुडिओ तळघरात निघाला.

तळघर. मला कुणी विहिरीत उतर म्हटलं असतं तर मी आधी विचारलं असतं, पायऱ्या किती. इथं पायऱ्या उतरल्यावर एक जाड, गादी लावलेलं दार, आणि दाराला मूठ नाही, लोखंडी दांडा. तो खाली दाबून ओढायचा. दार लागलं की कानात दडे बसतात, इतकी शांतता. वर तीन मजले. मी उतरतानाच मोजून घेतले होते. देगलूरवालाही आला होता, त्याच्या तेलुगू भजनांच्या फायली घेऊन. त्यानं यांच्या पाया पडून 'सर' म्हटलं. मी दाराजवळच्या खुर्चीत बसले.

नांदेडवाल्यानं आमचा डबा जोडला. किरकिर झाली आणि पडदा उजळला. त्यानं आपली चावी घातली. पण ती नव्या आवृत्तीची, आमचा जुना प्रोग्राम तिला ओळखेना. त्यानं आमच्या फायली आपल्या मशीनवर नेऊन उघडल्या. तिथं जाहिराती दिसल्या, पण पट्ट्यांखाली दडवलेले तुकडे आले नाहीत. कर्णा आला, माणूस आला नाही.

"जुनीच चावी पायजे, काकू," तो म्हणाला.

मी चावी पुढं केली. त्यानं तिच्या तोंडाकडं पाहिलं आणि ती देगलूरवाल्यापुढं धरली. देगलूरवाल्यानं पाहिलं. तो म्हणाला, "अय्यो, अक्का, देवघरातली आणली का काय चुकून?" मग दोघं कामाला लागले. टाचणीनं खरवडावं तर आतले बारीक पत्रे वाकायची भीती. स्पिरिट लावलं, कापूस आत जाईना. काडीला कापूस गुंडाळला, तो आतच अडकला, तो काढण्यात अर्धा तास. घातली. चावी सापडत नाही. नांदेडवाला खुर्चीत मागं टेकला. म्हणाला, पूर्वी कंपनीला पाठवली असती, महिनाभरात नवी आली असती. आता कुणाला पाठवायची?

मला जमीन हलल्यासारखी वाटली. खरंच. मी दाराच्या दांड्याकडं पाहिलं.

तेव्हा हे उठले. खिशातून एक प्लॅस्टिकची डबी काढली. ती डबी मी रोज सकाळी बघते. त्यात यांच्या गळ्यातली नळी साफ करायचा ब्रश असतो, काडीएवढा बारीक, चारी बाजूंनी मऊ केस. डबीत एक कोरा होता. यांनी चावी नांदेडवाल्याच्या हातातून घेतली, दिव्याखाली धरली, ब्रश स्पिरिटमध्ये बुडवला आणि आत घालून हळूच फिरवायला लागले. रोज सकाळी आरशापुढं करतात तसं, घाई नाही, जोर नाही. फिरवायचं, काढायचं, पुसायचं, पुन्हा. टेबलावरच्या पांढऱ्या कागदावर कुंकवाचे थेंब पडत गेले. मी तोंडावर पदर धरून बसले होते. दहा वर्षं मी समजत होते की यांना तो आवाज नको आहे.

यांनी चावी स्वतः घातली.

निळं चित्र आलं. मी हात जोडले नाहीत, भीतीनं. चौकट आली नाही. पट्ट्या उघडल्या, एकाखाली एक, आणि त्यांच्याखाली दडवलेले सगळे तुकडे.

"कुठला लावू?" नांदेडवाल्यानं यांना विचारलं. यांनी पडद्यावर बोट फिरवलं आणि एका लांबलचक तुकड्यावर टेकवलं.

आधी खोलीचा आवाज आला. आमच्या उघड्या दाराचा. भंगारवाला. मग माझी पेटी, आणि मग, "आजच या." स्पीकर मोठे, तळघर बंद. आवाज समोर माणूस उभा राहावा तसा आला. मी यांच्याकडं बघायचं धाडस करतेय तेवढ्यात फुलपात्रं वाजली.

सगळी एकदम. थांबेनात.

मी काय सांगू? पासष्ट वर्षांची बाई, दोन गुडघे दुखणारे, मी कधी उठले कळलं नाही. मी दारावर होते. दांडा ओढत होते, तो दाबून ओढायचा हे विसरून. दार हलेना. वर तीन मजले. मागून किणकिण वाढतेय, आणि मी दोन्ही हातांनी त्या गादीच्या दारावर बुक्क्या मारतेय, आणि त्या बुक्क्यांचा आवाजसुद्धा येत नाही.

मागून हे बोलले.

"बसा हो, सर. ती येईल. तिला वाटतं जमीन फक्त तिच्याच पायाखाली हलते." खुर्ची सरकल्याचा आवाज. मग तोच आवाज मोठा झाला, खिडकीतून गल्लीत मारलेली हाक: "अगं, ऊस चाललाय कारखान्याला. ये आत. मी हाय न इथं."

मी वळले. स्पीकरमध्ये फुलपात्रं हळूहळू थांबत होती. हे खुर्चीत होते, गळ्यावर रुमाल, माझ्याकडं बघत. यांनी टेबलावर बोट आपटलं. एकदा.

मी येऊन बसले. नांदेडवाल्यानं उठून दार सताड उघडलं आणि खुर्ची लावून ठेवली, एसी चालू असताना. रस्त्यावरचे हॉर्न आत यायला लागले. दोघं मग एकेक तुकडा साध्या फायलीत काढून घेत राहिले, आणि आम्ही ऐकत राहिलो. यांचं हसणं, यांचा खोकला, करपलेलं वरण. देगलूरवाला मध्येच हसायचा आणि यांच्याकडं बघून थांबायचा. हे त्याला हातानं, हस की, म्हणायचे.

माझा मोबाइल वाजला. हे माझ्याशेजारीच बसलेले, आणि संदेश यांचाच.

'पुढच्या वेळी पळताना मलाही घे.'

पुढं पूर्णविराम होता. मी उत्तर लिहिलं नाही. टेबलावर एकदा बोट आपटलं.